पुढच्या चाकाचं तेल

आई,

तुझ्या सायकलचं पुढचं टायर रिमवरून का उतरायचं, हे काल इतक्या वर्षांनी मला कुणीतरी विचारलं. विचारणारा तुझा पणतू. काल खंडेनवमी होती. त्यानं सायकल धुऊन अंगणात उभी केली, सुनेनं हळदकुंकवाचं तबक आणलं, तेलाची वाटी आणली, आणि तेलात बुडवलेलं तिचं बोट चाकाकडे वळताना दिसल्याबरोबर मी ओट्यावरून अशी ओरडले की शेजारचं झोपलेलं कुत्रं उठून बसलं. "रिमला तेल नको." सगळे हसायला लागले. पोरगा म्हणाला, "आजी, तुला सायकल येते तरी का?" येत नाही. पण टायर का उतरतं एवढ्या एका विषयात मला कुणी हरवू शकणार नाही, कारण त्यापायी एका पावसाळ्यानंतर आपल्या दोघींची झोप उडाली होती. मी त्याला अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली तुलाच सांगते, कारण तिच्यातल्या एका गोष्टीचं मला अजून नवल वाटतं आणि ती तुझ्याशिवाय कुणाला विचारण्यासारखी नाही.

बाबा गेल्यावर मामानं तुला पुण्याला नर्सिंग शिकायला ठेवलं आणि शिकून तू कामशेतच्या दवाखान्यात आलीस, तेव्हा तुझ्याबद्दल गावात दोन गोष्टी बोलल्या जात. एक म्हणजे ही विधवा बाई सायकलवर बसते. दुसरी म्हणजे ही बाई ओरडते. दोन्ही खऱ्या होत्या. बाळाच्या नाळेवर कुणी राख किंवा तेल घातलेलं दिसलं की तू म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही सोडत नव्हतीस. सायकल दवाखान्याची होती, काळी, जड, आणि डॉक्टरसाहेबांनी खटपट करून मागवलेली. पवनेच्या बाजूची गावं लांब. चालत जाऊन पोचेपर्यंत मूल रांगायला लागेल, असं तू म्हणायचीस. म्हणून स्टेशनामागच्या माळावर लुगड्याचा काचा मारून तू ती शिकलीस, पडलीस, गुडघे फोडून घेतलेस, आणि कुणी बघत असलं की पडल्यावर चाकाकडे अशी निरखून बघायचीस जणू त्यासाठीच खाली बसली होतीस. मला ते फार आवडायचं.

त्या काळची टायरं आताच्यासारखी नव्हती. आताच्या टायरच्या काठात तार असते. तुझ्या टायरच्या काठाला नुसती रबराची जाड कड होती, ती रिमच्या आत वळलेल्या ओठात अडकवायची आणि हवा भरली की ती फुगून घट्ट बसायची. म्हणजे सगळा भरवसा हवेवर आणि त्या पकडीवर. पावसाळा सरता सरता ही पकड सुटायला लागली. चांगली जात असताना खिंडीच्या उतारावर पुढचं चाक डुलायचं, टायर एका बाजूनं बाहेर यायचं, आतली ट्यूब बेडकासारखी फुगून वर यायची आणि फटकन फुटायची. स्टेशनाजवळच्या मिस्त्रीनं पहिल्यांदा सांगितलं, हवा कमी असणार. तू पंप विकत घेतलास, निघताना रोज अंगठ्यानं दाबून बघायला लागलीस. टायर उतरलं. मग तो म्हणाला टायर सैल आहे, नवीन घाला. नवीन घातलं, तेही उतरलं. मग रिमच्या आतली पट्टी बदलली. मग रिम वाकडं असेल म्हणून चाक फिरवून पाहिलं. स्वयंपाकघरात सायकल उलटी उभी आहे, तू चाकाच्या चिमट्याला काडी धरून बसली आहेस, चाक फिरतंय आणि काडीला कुठेच घासत नाही, पिठलं करपतंय. "सरळ आहे गं," तू म्हणतेस, आणि तुझा आवाज खट्टू झालेला असतो. वाकडं निघालं असतं तर तुला बरं वाटलं असतं.

शेवटी मिस्त्री कंटाळला आणि म्हणाला, बाईमाणसानं चालवल्यावर असंच व्हायचं. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हणही त्यानं जोडून दिली. तू घरी येऊन पुढचं टायर मागे आणि मागचं पुढे घातलंस. जे टायर मागे असताना कधी हललं नव्हतं, ते पुढे आल्यावर आठवडाभरात उतरलं. "बघितलंस?" तू मला म्हणालीस. "टायरचा काही दोष नाही. आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो. दोष पुढच्या चाकात आहे." पण पुढच्याच चाकात का? शेजारच्या काकू म्हणाल्या, खिंडीतल्या म्हसोबाला नारळ द्या. तू म्हणालीस, म्हसोबाला मागचं चाक दिसत नाही का?

हसण्यावारी चाललं होतं ते लोहगडवाडीच्या दिवशी थांबलं. डोंगरातल्या एका बाईला रात्रीपासून कळा लागल्या होत्या, तिचा दीर पहाटे धावत आला. तू निघालीस आणि खिंड उतरताना टायर उतरलं. सायकल एका भातखाचराच्या बांधावर टाकून तू पळत, चालत, पुन्हा पळत वर गेलीस. पोचलीस तेव्हा मूल झालं होतं आणि बाई रक्तात होती. वाचली. पण संध्याकाळी चुलीपुढे बसून तू हात धूत राहिलीस, धुतलेलेच हात पुन्हा धूत राहिलीस, आणि म्हणालीस, "मला अजून थोडा उशीर झाला असता ना, तर गेली होती ती." दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी तुला बोलावलं. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर सायकल परत पाठवून देऊ, तुम्ही इथंच दवाखान्यात बसा, येतील त्यांना बघा. ते ऐकून तू घरी आलीस आणि पहिल्यांदाच मला घाबरलेली दिसलीस. दवाखान्यापर्यंत कोण येतं? ज्यांना चालता येतं त्या. बाकीच्या वाड्यांवर नाळेला पुन्हा कोयता आणि राख.

मग तू माझ्या पाटीवरचा खडू घेतलास. टायरवर आणि रिमवर मिळून एक सरळ रेघ ओढलीस आणि म्हणालीस, टायर जर आत सरकत असेल तर ही रेघ तुटेल. रोज घरी आलं की आपण दोघी कंदील घेऊन रेघ बघायचो. चढ, उतार, दगड, ओढा, काहीही झालं तरी रेघ सरळ. आणि एका दिवशी रेघेचे दोन तुकडे झालेले, टायरवरचा बोटभर पुढे गेलेला. तू त्या दिवशी कुठे गेली होतीस हे मी विचारलं. पाचवीला, तू म्हणालीस. बाळ झाल्यावर पाचव्या दिवशी तू नाळ बघायला जायचीस. पुढच्या वेळी रेघ तुटली तीही पाचवीहून आल्यावर. लोहगडवाडीच्या आदल्या दिवशी कुठे होतीस? तू कंदील खाली ठेवलास. "बेडशाला," तू म्हणालीस. "पाचवीला." मग तू वाकून रिमचा वास घेतलास. मलाही घ्यायला लावलास. धुळीच्या, रबराच्या वासाखाली खुरासणीच्या तेलाचा वास होता.

बेडशाला पुन्हा पाचवी आली तेव्हा शाळेला दिवाळीची सुटी लागली होती म्हणून मीही मागे कॅरिअरवर बसून आले. भात कापून खळ्यावर आलं होतं. ज्या घरी आपण गेलो तिथली बाळंतीण मागच्या पाचवीच्या बाळंतिणीची जाऊ. तू आत गेलीस, नाळ बघितलीस, आणि नेहमीसारखं बाळाला न्हाऊ घालत न बसता माझा हात धरून तशीच बाहेर आलीस. म्हातारी सासू सायकलपुढे उकिडवी बसली होती. एका हातात तेलाची वाटी, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती पुढच्या चाकाच्या कडेला हळद कालवलेलं तेल लावत होती, गाईच्या खुराला लावतात तसं. टायरवर कुंकवाची पाच बोटं उमटली होती. फर्लांगभर धुळीत ती पुसून जात असणार, म्हणून आपल्याला कधी दिसली नाहीत. तुला बघून ती दचकली आणि वाटी पदराआड धरली.

"आता वरडू नगा बाई," ती म्हणाली. "नाळंला न्हाई लावलं. गाडीला लावलंय."

"पण का?" तू विचारलंस. तू ओरडली नाहीस. तुला खरंच समजून घ्यायचं होतं.

म्हातारीनं वाटी पदराआडून काढून खाली ठेवली. मग म्हणाली, "आमच्यात पाचवीला सुईणीची ओटी भरत्यात. पाय धुत्यात, कुकू लावत्यात. तुमास्नी कसं लावायचं? तुमच्या कपाळाला हात लावायचा न्हाई आमी. थोरल्या सुनंची दोन पोरं ग्येली, तिसरं तुमी राखलं. मग आमी तुमास्नी मोकळंच धाडायचं व्हय? तवा म्हनलं, ज्यानं बाईला हितं आनलं त्येलाच लावावं." मागे उभी असलेली सून म्हणाली, "आता समद्या वाड्यांत लावत्यात. तुमी आत आसला की."

मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू सायकलकडे बघत होतीस. मग तू म्हणालीस, "मावशी, घंटीला लावा की."

"घंटी काय चालत येती व्हय?" म्हातारी म्हणाली.

कालपर्यंत मला वाटायचं की यावर तुझ्याकडे उत्तर होतं आणि तू ते दिलं नाहीस. तेलानं टायर सुटतं, सुटलं तर मी वाटेत अडकते, अडकले तर तुमची लेक नाहीतर सून जीवाला मुकेल, एवढं सांगितलं असतं तर ती वाटी त्या दिवशीच बंद झाली असती. नाळेवरचं तेल तू बंद केलंसच की. हे तू सांगितलं नाहीस. "बरं," एवढंच म्हणालीस, आणि आपण निघालो. गाव मागे पडून रस्ता वळतो तिथे बाभळीपाशी तू उतरलीस, पिशवीतलं फडकं काढलंस, आणि मला म्हणालीस, "तू हो पुढे. ओढ्यापाशी थांब."

त्यानंतर रिम पुसायला तुझ्या पिशवीत फडकं आणि चुलीतली राख कायमची आली. दिवाळी आली, गेली, टायर उतरलं नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, मिस्त्रीला अखेर जमलं म्हणायचं. तू हो म्हणालीस. मिस्त्रीही तीच बढाई मारत फिरला, त्यालाही तू काही बोलली नाहीस. सायकल राहिली आणि तू पुढे कितीतरी वर्षं त्या रस्त्यानं गेलीस. सुटीत मी अनेकदा बरोबर असायचे. प्रत्येक पाचवीला बाया आत तुला बाळापाशी गुंतवायच्या, बाहेर तेल लावायच्या, तू काही माहीत नसल्यासारखी बाहेर यायचीस, त्याही काही केलं नसल्यासारख्या उभ्या राहायच्या. आणि प्रत्येक वेळी वळणावर तू मला पुढे पाठवायचीस. ओढ्यापाशी बसून मी पाण्यात खडे टाकत बसायचे. फार वेळ लागायचा तुला. मला याचंच नवल वाटत आलंय आई. एक चाक पुसायला, तुझ्यासारख्या झपाट्याच्या बाईला, इतका वेळ का लागत होता? मी एकदा विचारलं तर तू म्हणालीस, तेल चिकट असतं.

मोठी झाल्यावर मला वाटलं, तू तिथे बसून रडत असशील. पण तू यायचीस तेव्हा तुझे डोळे कोरडे असायचे, तू गुणगुणत असायचीस. मग वाटलं, दमत असशील, जरा टेकत असशील. तेही पटलं नाही. हे गेल्यापासून मला दुसरीच शंका यायला लागली होती.

काल मी ओरडल्यावर सून ओशाळली. तेल तोवर रिमला लागलंच होतं, आणि कुंकूही. मी म्हटलं, असू दे, मी पुसते, तुम्ही पानं घ्या. सगळे आत गेले. मी राख मागवली तर घरात राख कुठली, शेवटी रांगोळीची भुकटी घेतली. अंगणात चाकापुढे बसले. हे जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून हळदकुंकवाचं तबक माझ्या पुढून बाजूला नेतात, कुणी वाईट मनानं नेत नाही, नेतात. काल ते सगळं चाकावर माझ्या समोर होतं, ओलं, माझ्या हाताशी. पुसायलाच बसले होते तरी मला घाई करवेना.

हे पत्र टाकायचं कुठे? तुझ्या पेटीत ठेवीन, पिशवीतलं ते फडकं अजून तिथे आहे. पुसता पुसता बोटाला कुंकू लागलं, ते मी धुतलं नाही. आतून दोनदा हाक आली तरी तशीच बसून राहिले. सून बघायला आली तेव्हा म्हटलं, तेल चिकट असतं.