मंगळवार-शुक्रवारच्या साहेब

ब्राह्मणपुरी

ति. अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, पितांबरचा, गुडघे जेवढे वाकतात तेवढा नमस्कार. दाजींनाही सांग. तुझी कंबर आता बरी आहे असं आमच्या पोराकडून, ललितकडून कळलं, जीव भांड्यात पडला. (डॉक्टरांनी वाकू नको म्हटलंय, तरी तू ओट्याखालची फरशी पुसलीसच असणार. मी काही बोलत नाही.) आमच्याकडे सगळे खुशाल. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुला ऐकू कमी येतं आणि मला थांबता येत नाही.

आपला टुटीफ्रुटीचा कारखाना तू पाहिलास तेव्हा एक कढई होती आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या बायका. कच्ची पपई सोलायची, बारीक फोडी करायच्या, पाकात मुरवायच्या, लाल-हिरवा रंग द्यायचा, वाळवून बेकरीवाल्यांना पाठवायच्या. आता शेड मोठी झाली, गावातल्या बऱ्याच घरांतली कोणी ना कोणी बाई आपल्याकडे कामाला येते, माल इंदूरपर्यंत जातो. धंदा वाढला तसा माझा आवाजही वाढला. पाक कुणी बघायचा, गाडी कधी भरायची, सुट्टी कुणाला द्यायची, सगळं मलाच विचारायचे, आणि मी सगळ्यांनाच हो म्हणायचो. एकदा पाकावरच्या सगळ्या बायकांना एकाच हळदीला जायची सुट्टी देऊन बसलो. मग मी, ललित आणि तुझी भावजय सुंदरबाई दिवसभर कढईशी उभे. त्या दिवशीच्या मालाला सुंदरबाई अजून 'खडी' म्हणते.

शेवटी रुपा (आपली सून, लोणखेड्याच्या कॉलेजात शिकलेली, बोलते कमी) म्हणाली, "आबा, आपल्याला एक साहेब लागेल. पण पूर्ण नको, अर्धा." सुंदरबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "अर्धा म्हणजे वरला का खालला?" रुपाने समजावलं, मोठ्या कंपन्यांत काम केलेली माणसं आता आठवड्यातून दोन दिवस छोट्या कंपनीत येतात, कामाला वळण लावतात आणि बाकीचे दिवस दुसरीकडे जातात. पूर्ण साहेब आपल्याला झेपणारा नाही, आणि झेपला तरी ब्राह्मणपुरीत टिकणारा नाही. मला पटलं. भटजी, मळणीयंत्रवाला, ढोरांचा डॉक्टर, सगळे आपण गावागावांनी वाटूनच घेतो की. साहेबानेच काय घोडं मारलंय?

तर आल्या एस्तेरबाई. नवापूरच्या. बडोद्याला बिस्किटांच्या मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर होत्या. वडील, स्टीफनकाका, आजारी पडले म्हणून नोकरी सोडून गावी परतल्या. मंगळवार आणि शुक्रवार आपल्याकडे, बुधवारी तळोद्याच्या पुढे डोंगरात बायकांच्या आमचूर गटाकडे. रुपाने हौसेने दारावर पाटी लावली, 'मुख्य कार्यकारी अधिकारी'. गावात बातमी पसरली की जिल्हा परिषदेच्या मोठ्या साहेब पितांबरकडे बसतात. गल्लीतला धनसिंग स्वच्छ टोपी घालून आला आणि शिक्षक जावयाची बदली जवळ करून द्या म्हणून हात जोडून उभा राहिला. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, मग सांगितलं की त्या टुटीफ्रुटीच्या साहेब आहेत. धनसिंग म्हणाला, "चालेल, पण वर एक शब्द टाका."

पहिल्या दिवशी मी शाल, नारळ आणि भाषण तयार ठेवलं होतं. बाईंनी शाल-नारळ घेतला, भाषणाला हात लावला नाही. दिवसभर शेडमध्ये स्टुलावर बसून नुसतं बघत होत्या. संध्याकाळी एकच प्रश्न विचारला, "पितांबरभाऊ, तुम्ही चार दिवस गावाला गेलात तर इथे काय होतं?" मी छाती फुगवून सांगितलं, "कारखाना बंद पडतो!" त्यांनी माझं कौतुक केलं नाही. मला जरा लागलंच.

मग त्यांनी कामं वाटली. सुट्टी पाकावरच्या जुन्या शांतीबाईकडे मागायची, गाड्या ललितने बघायच्या, ऑर्डरीचं रुपाने. माझ्याकडे पाकाची चव उरली, तीही बोट न घालता. मंगळवार-शुक्रवार मी शिस्तीत वागायचो. बाकी दिवशी माझ्यातला राजा जागा व्हायचा. बायकाही हुशार. मंगळवारी शांतीबाईने नाही म्हटलेली सुट्टी बुधवारी माझ्याकडून घेऊन जायच्या. एका शेडमध्ये दोन राज्यं, आणि दोन्हींचा कारभार मोडलेला.

अशाच एका बुधवारी तुमच्या सुरतेचे केकवाले हेमकांतभाई आले. नाताळ तोंडावर आलेला. सुंदरबाईने शेवभाजी अशी केली होती की माणूस घाम पुसत पुसत तिसऱ्यांदा वाढून घेत होता. जेवता जेवता म्हणाले, नाताळाआधी दुप्पट माल द्याल? मी म्हटलं, देतो. म्हणाले, तिप्पट? मी म्हटलं, तुम्ही फक्त जेवा. एस्तेरबाईंना फोन लावला होता, पण डोंगरात रेंज कुठली? रुपा पाण्याच्या ग्लासांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा पडलेला दिसला. मला वाटलं, ताट जड असेल.

शुक्रवारी बाई आल्या. मी छातीठोक सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी दुप्पट ओरडलो असतो. त्यांनी रुपाला विचारलं, "एवढा माल निघेल?" रुपा म्हणाली, "नाही. बायकांना रात्रंदिवस उभं केलं तरी नाही. पाकात मुरायला वेळ लागतोच."

"मग बुधवारी बोलली का नाहीस?"

रुपा खाली बघत म्हणाली, "आबा बोली ऱ्हायनात, मंग मी काय बोलू?"

अक्का, एवढी वर्षं मला वाटायचं, घरात माझा शब्द कुणी मोडत नाही म्हणजे माझं बरोबरच असतं. त्या पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी उद्या गेले तरी चालेल. पण या कंपनीत नाही म्हणणारं माणूस नसेल, तर कंपनी चालणार नाही. फोन तुम्ही करा."

मी केला. आधी हेमकांतभाईंच्या आईची तब्येत विचारली, मग मुलांची, मग तापीला पाणी किती आहे ते. समोर बाई आणि रुपा बसलेल्या, उठायची सोय नाही. शेवटी डोळे मिटून म्हटलं, "हेमकांतभाई, तिप्पट होणार नाही. नेहमीपेक्षा थोडा जास्त देतो, पण वेळेवर आणि चांगला." ते रागावले. बरंच बोलले, शेवभाजीचाही उद्धार केला. ऐकून घेतलं. मग फोन रुपाकडे दिला. तिने शांतपणे, काय आणि कधी मिळेल ते सांगितलं. तिला ते बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. मी तिथे बसलोय हे ती विसरली होती, आणि अक्का, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हेमकांतभाईंनी तेवढाच माल घेतला. उरलेला दुसरीकडून घेतला, त्याचं आपल्याला नुकसान झालं, खोटं कशाला सांगू? पण माल वेळेत गेला आणि बायका वेळेत घरी गेल्या. नाताळाला आम्ही केक घेऊन नवापूरला गेलो. स्टीफनकाकांनी माझा हात धरून ठेवला, केक आवडीने खाल्ला, आणि टुटीफ्रुटीचे तुकडे एकेक वेचून बशीच्या कडेला ठेवले. सुंदरबाई तोंडाला पदर लावून बाहेर जाऊन हसली.

वैशाखात, आखाजीच्या सणाला एस्तेरबाईंचं काम संपलं. निरोप देताना शांतीबाई रडली, मी खोकल्याचं निमित्त केलं. आता त्या खुर्चीवर रुपा बसते, रोज. मला सल्लागार केलंय. मंगळवार आणि शुक्रवार.

दाजींना औषधं वेळेवर दे. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पितांबर

ता. क. सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार मी घरी असतो. बसून काय करणार म्हणून स्वयंपाकघर सुधारायला घेतलं. डबे उंचीप्रमाणे लावले, भाकरीसाठी वेळ ठरवून दिली. सुंदरबाई दिवसभर विचारत फिरते, "मन्हा हळदीचा डबा कोठे शे?" काल म्हणाली, रुपाने तुम्हाला शेडमधून काढलं, मी आता घरातून काढते. तर अक्का, पत्राचं खरं कारण हे, की तुझ्याकडे आठवड्यातून काही दिवस एखाद्या भावाची जागा असेल तर कळव. जेवणावर येईन. अनुभव भरपूर आहे.

ता. क. २ (हे सुंदरबाईने लिहिलंय, मी पाकीट चिकटवायच्या आत.) अक्का, पाया पडते. त्यांना येऊ द्या. पण डब्यांना हात लावू देऊ नका, आणि दोन दिवसांच्या वर ठेवू नका. मले घरमा करमत नई.