आईनं दिनकररावांना आत घेतलं

माझी शकू,

आज रविवार. दुपारची जेवणं उरकली, भांडी घासून झाली. आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसलीय. झोपलेली नाही, मला कळतं ते. मी शाळेचे पेपर बाजूला सारले आणि तुला लिहायला बसले. तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी कितीदा बोलले, पण कागदावर कधी उतरवलं नाही. आज राहवलं नाही. आज दिनकरराव आले होते, शकू. आणि आईनं त्यांना आत घेतलं!

तुला वाटेल, जावई सासरवाडीला आला यात नवल ते काय? पण तुझ्यामागे काय काय झालं, ते तुला कुठे ठाऊक आहे गं!

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी आणि आई नाशिकरोडहून तुझ्याकडे सातपूरला यायला निघालो होतो. तू पुरण घालणार होतीस. आम्ही बसमध्ये असतानाच तुझ्या खोलीत स्टोव्ह भडकला. डाळ अर्धी शिजलेली, वाती काजळून धूर काढायला लागलेल्या, आणि तू स्टोव्ह न विझवताच त्यात डब्यानं रॉकेल ओतलंस. कोणती एवढी घाई होती, शकू? आम्ही काय परके होतो? डाळ कच्ची राहिली असती तर आईनं तुला बोल लावला असता का?

वर अंगात ती नायलॉनची गुलाबी साडी. मीच म्हणाले होते ना तुला, घरात सुती नेस म्हणून? तू हसलीस. म्हणालीस, "ताई, ही धुतली की लगेच वाळते." ती जळत नव्हती, ती वितळून तुझ्या अंगाला चिकटत होती. तुला सांगायला नको. तुलाच तर ते भोगावं लागलं.

दिनकरराव नळावर पाणी भरत होते. तुझी किंकाळी ऐकून धावले. तोवर तू गॅलरीत पळत आली होतीस, आणि वाऱ्यानं तुझी मशाल झाली होती. त्यांनी नुसत्या हातांनी तुला विझवायला पाहिलं. शेजारच्या दोरीवर जाड गोधडी वाळत होती. कुणालाच सुचलं नाही! एवढी माणसं जमली, एकानंही ती गोधडी ओढून तुला गुंडाळलं नाही. पुढं कुणी तुझ्या अंगावर निळी शाई ओतली, कुणी बटाटा किसून लावला. सगळ्यांना तुला वाचवायचंच होतं, शकू. कसं वाचवायचं ते कुणाला माहीत नव्हतं, एवढंच. बंब आला तो हातगाड्या हटवत हटवत. तेव्हा विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा सुजाता पाळण्यात रडत होती. आईनं तिला उचललं आणि तशीच सरकारी दवाखान्यात आली.

तिथं तू बोललीस. हवालदारानं दिनकररावांना बाहेर काढून, दार लावून विचारलं, तरी तू तेच सांगितलंस, "माझ्याच हातून झालं. आई येणार म्हणून घाई केली." आई तुझ्या उशाशीच उभी होती. तिनं ऐकलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं.

तू गेलीस. विहारात वंदना झाली, माणसं पांगली, आणि आई उभी राहून दिनकररावांना म्हणाली, "तूच जाळली माझ्या लेकीला. पोर तुझ्या घरात ऱ्हायची नाय."

त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. ते बोलले असते तरी कोणी ऐकलं असतं?

मी आईला किती समजावलं! म्हटलं, शकूनं स्वतः सांगितलंय. तर म्हणायची, "भेवून बोलली. समद्याच जणी तसंच बोलत्यात. पोरीला लेकरू मागं ठिवायचं असतं, म्हून नवऱ्याला सोडवून जात्यात." आणि शकू, ती खोटं बोलत होती असं तरी कसं म्हणू? त्या दिवसांत वर्तमानपत्र उघडलं की कोपऱ्यात बातमी असायचीच, स्टोव्हचा भडका होऊन विवाहितेचा मृत्यू. सगळ्याच काही डाळ शिजवताना गेल्या नव्हत्या. कधीकधी माझाही जीव दचकायचा. तुलाच विचारावंसं वाटायचं, खरंच ना गं? खरंच तुझ्याच हातून ना?

अग्निशमन दलाचे कदम साहेब तुझ्या खोलीची पाहणी करायला आले होते. मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी सरळ सांगितलं, "स्टोव्हचं झाकण उघडं, डबा शेजारी आडवा, भिंतीवर काजळी ओट्यापासून वर गेलेली. बाई, हा अपघातच आहे. तुमच्या मेव्हण्याचे हात पाहिलेत ना?" मला पटलं. आईला मी सांगितलं तर ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बसली.

मग वर्षं गेली. दिनकरराव दरवर्षी सुजाताच्या वाढदिवसाला फ्रॉक घेऊन यायचे. आई दार उघडायची नाही. फ्रॉक उंबऱ्याबाहेर पडून राहायचा, मी उचलून पेटीत ठेवायची. सुजाता वाढत गेली, ते फ्रॉक लहान होत गेले. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. पुढे ते दारापर्यंत यायचेही बंद झाले.

कदम साहेब वस्त्यावस्त्यांतून बायकांना आगीबद्दल सांगत फिरायचे. एकदा शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, मी खाकी कपड्यातला माणूस. बायका पदर तोंडाला लावून हसतात. तुम्ही याल का? तुमच्या बहिणीचं सांगाल का?" मी आधी नाहीच म्हटलं. तुझं मरण चारचौघांत मांडायचं? पण मग दोरीवरची ती गोधडी डोळ्यांसमोर आली. गेले.

तेव्हापासून रविवारी आम्ही कुठे ना कुठे जातो. कधी देवळालीला, कधी सिडकोतल्या नव्या घरांत. साहेबांची माणसं पत्र्याच्या ट्रेमध्ये रॉकेल पेटवतात आणि एखाद्या आजीच्या हातात ओलं गोणपाट देतात. ती घाबरत घाबरत टाकते, आग विझते, सगळ्या टाळ्या वाजवतात. मग मी बोलते. पेटता स्टोव्ह भरू नका. स्वयंपाक करताना सुती नेसा. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका, जमिनीवर लोळा. कुणी पेटलेलं दिसलं तर गोधडीत गुंडाळा. भाजल्यावर गार पाणी ओता, शाई नको. बोलताना तुझं नाव घेते.

मागच्या वर्षी पंचवटीतल्या एका चाळीत असाच कार्यक्रम झाला. सगळ्या पांगल्यावर एक मुलगी मागे राहिली. विमल तिचं नाव. लग्नाला फार दिवस झालेले नसावेत, गळ्यातली पोत अजून नवी दिसत होती. इकडंतिकडं बघून तिनं हळूच विचारलं, "बाई, आपसूक लागली तर गोधडी. पन कुनी लावली तर?"

इतकी वर्षं मी बडबडत होते, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ती सांगत होती, "रॉकेलचा डबा मोरीत असायचा. आता सासू माज्या उशाशी ठिवती. परवा माज्या पदरावर सांडलं. म्हनली, हात हालला. आन् हासली."

कदम साहेब ट्रे गाडीत ठेवत होते, ते थांबले. म्हणाले, "याला आमच्या बंबात काही नाही, पोरी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हिला आज इथं ठेवू नका."

तिला मी नेसत्या वस्त्रानिशी घरी आणलं. दिंडोरीकडच्या तिच्या गावाला निरोप धाडला. बाप आला, गॅलरीत बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "दिल्या घरी ऱ्हावं लागतं, बाई. अजून दोघी उजवायच्या हायेत मला." आणि लेकीला न घेताच उठला! आई आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "जा तू. पोर हितंच ऱ्हाईल."

विमल राहिली. साहेबांनी पोलिसांत सांगितलं, तिचा जबाब झाला. सासरचे दोनदा दारात येऊन आरडाओरडा करून गेले. दोन्ही वेळा आई उंबऱ्यात बसून होती. हातात गहू निवडायचं सूप. तिनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही, पण उंबरा सोडला नाही.

ही पोर कशी होती म्हणून सांगू! बाहेर सायकलची घंटी वाजली की कपाटाआड जायची. ताटात वाढलं तरी दुसऱ्यानं घास घेईपर्यंत खायची नाही. मी स्टोव्ह पेटवायला बसले की भिंतीला चिकटून उभी राहायची. आई तिला न्याहाळत असायची. दिवसेंदिवस न्याहाळत असायची.

मग या महिन्यात एका संध्याकाळी मी शाळेतून आले, तर आई सूप मांडीवर घेऊन नुसतीच बसलेली. मला म्हणाली, "वच्छे, आपली शकू अशी कधी आली व्हती का गं माहेरी?"

मी म्हटलं, "नाही आई."

"नाय आली. हासत यायची. त्यो पिशवी घेऊन मागं असायचा, ही म्होरं बडबडत." मग म्हणाली, "ती म्हनली व्हती, आई येनार म्हून घाई केली. म्या ऐकलं व्हतं. ते गिळायचं कसं? त्याच्यावर घातलं तवा जगले."

शकू, मी तिच्या पायाशी बसले. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "त्याला सांगावा धाड."

खरं सांगू, सुजाताही तिच्या मनात असणार. आपली सुजाता चौथीत आहे आता. त्याच्या चार दिवस आधी वर्गातली एक मुलगी तिला म्हणाली, तुझ्या बापानं तुझ्या आईला जाळलं. घरी येऊन तिनं आईलाच विचारलं, "आजी, खरं का?" आईनं तोंड उघडलं आणि तिला काही बोलता आलं नाही.

म्हणून आज ते आले. किती थकलेत गं! केस पिकलेत. दारात चपला काढून तिथंच उभे राहिले. इतक्या वर्षांची सवय, आत यायचं असतं हेच विसरले असावेत. आई म्हणाली, "या. पाय धुवा."

बस्, एवढंच. माफी नाही, रडारड नाही. आईनं स्वतःच्या हातानं ताट वाढलं. ते भाकरी मोडायला लागले. बोटं नीट मिटत नाहीत त्यांची, घास सारखा निसटायचा. आई पाहत होती. मग तिनं पुढं होऊन भाकरी चुरली, वर आमटी ओतली आणि ताट त्यांच्याकडे सरकवलं. लहान पोराला देतात तसं. त्यांनी मान खाली घातली आणि जेवले. विमल पाणी वाढत होती.

सुजाता खिडकीत बसली होती, पाठ करून. त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. त्यांनीही हाक मारली नाही. निघताना ते मला म्हणाले, "ताई, नकोच तिला त्रास. मी पाहिलं, भरून पावलो." चपला घातल्या, जिना उतरायला लागले. तेव्हा सुजाता खिडकीवरून खाली उडी मारून दारात गेली आणि कठड्यावरून खाली वाकून ओरडली, "माझी शाळा पाचला सुटते!"

ते जिन्यात थांबले. वर बघायची त्यांची हिंमत झाली नाही. नुसती मान हलवली आणि गेले.

आई तेव्हापासून अशी डोळे मिटून बसलीय. तिला काय शांत म्हणू? काही मिटलेलं नाही. तू परत येणार नाहीस, या माणसाची वर्षं परत येणार नाहीत. विमलचा खटला उभा राहायचाय, आणि तिच्या सासरच्या घरात उद्या दुसरी सून येईल.

पण तुला शब्द देते, शकू. सुजाताला मी सगळं सांगणार आहे, आज संध्याकाळीच. तू दवाखान्यात जसं सांगितलंस तसंच, काही न लपवता, काही गोड न करता. आणि विमलनं जो प्रश्न विचारला, तो यापुढं प्रत्येक अंगणात मीच आधी विचारीन. उत्तर नसलं तरी विचारीन, आणि माझ्या घराचा पत्ता सांगूनच तिथून उठेन.

तुझीच,
वच्छीताई