हलगीवाली वेबसाइट

३ फेब्रुवारी, सोमवार
फळउत्पादक कंपनीसाठी मी केलेली वेबसाइट आज चालू झाली. वर दहाही संचालकांचे फोटो, मधे आबासाहेब चेअरमन मोठ्ठे, आणि साइट उघडली की हलगी वाजते. बारामती-इंदापुरात असं काम कुणी केलेलं नाही. वीस वर्षं दुकानात फ्लेक्स छापलेत, डिझाइन काय असतं ते मला शिकवू नये. ऑफिसात फोन घ्यायची एक जागा भरायची आहे, त्याची जाहिरातही टाकली. फॉर्म ऑनलाइन, शेवटची तारीख १५.

५ फेब्रुवारी
सणसरहून स्वराली नावाच्या मुलीचा फोन. बी.ए. आहे, डोळ्यांनी दिसत नाही. तिचा मोबाइल स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवतो म्हणे. पण जाहिरातीवर बोट ठेवलं की नुसतं ‘चित्र’ म्हणतो, आणि हलगीत तेवढंही ऐकू येत न्हाय. म्हटलं, घरातल्या कुणाकडून वाचून घे की. तर म्हणाली, नोकरीत फोन मी एकटीनं घ्यायचेत, मग फॉर्म पण एकटीच भरीन. काय तो तोरा!

६ फेब्रुवारी
बाईसाहेबांनी थेट आबासाहेबांनाच फोन लावला. आबासाहेब मला म्हणाले, संदेश, दिव्यांगांना वापरता येईल अशी साइट देतो असं तूच कोटेशनात लिवलंय. असेल. ते कोटेशन पुण्याच्या एका कंपनीचं बघून केलेलं, इतकं कोण वाचतं!
निश्चय: रविवारपर्यंत साइट शंभर टक्के दिव्यांगांची.

८ फेब्रुवारी
झाली. रविवारच्या आधीच! वर कोपऱ्यात निळं व्हीलचेअरचं चित्र टाकलं, चांगलं ठसठशीत. मोना (बायको) म्हणाली, अहो, तिला दिसत नाही, ती त्या खुर्चीचं काय करणार? डिझाइनमधलं हिला काय कळतं.

१० फेब्रुवारी
पुन्हा स्वराली. फॉर्ममधे नऊ चौकटी, पण मोबाइल नऊ वेळा ‘चौकट’ एवढंच सांगतो. नाव कुठली, वय कुठली, कळत न्हाय. म्हटलं, पाठ कर. पहिली नाव, दुसरी गाव. पाढे केलेस ना पाठ? खाली चार बटणं आहेत, तीही नुसती ‘बटण’. त्यातलं एक सगळं पुसायचं. बाईंनी तीनदा फॉर्म भरला नि तीनदा पुसला. शिवाय तो आकड्यांचा फोटो बघून आकडे टाकायचे असतात, त्यावर अडली. म्हटलं, आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला असतं ते. तर हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

१२ फेब्रुवारी
स्वतः डोळे मिटून टेस्ट घेतली. चार मिनिटांत फॉर्म भरला. (डावा डोळा किंचित उघडा होता, तो धरायचा नाही.) साइट एकदम ओके. खोट मुलीतच आहे.

१४ फेब्रुवारी, दुपार
तोडगा! फोन करून म्हटलं, माहिती सांग, मी भरतो. नको नको करत होती. उद्या शेवटची तारीख आहे म्हटल्यावर सांगितली. सहा मिनिटांत काम फत्ते. देव बघतोय. मोनानं विचारलं, अर्जाचा नंबर आला का? साइट माझी, मला कसला नंबर!

१७ फेब्रुवारी
आबासाहेबांचा फोन. सदतीस अर्ज आलेत, स्वरालीचा न्हाय. शक्यच नाही म्हटलं. नेटवर्क, सर्व्हर, बरंच सांगितलं. मग मोना चष्मा लावून स्क्रीनला नाक टेकवून बसली. तळाशी पांढऱ्यावर फिकट राखाडी ओळ सापडली: ‘अर्ज अद्याप पाठवलेला नाही.’ प्रीमियम लुकसाठी मीच फिकट ठेवलेली. मोनानं ते लगेच आबासाहेबांना सांगितलं. घरचा भेदी, दुसरं काय!
आबासाहेबांनी मुदत सगळ्यांनाच २० तारखेपर्यंत वाढवली. मला म्हणाले, त्या पोरीला दुकानात बोलाव, ती सांगंल तसं कर, न्हायतर बिलाचं नाव काढू नको.

१८ फेब्रुवारी
स्वराली एकटीच एसटीनं आली. पाणी विचारलं, नको म्हणाली. ती सांगत गेली, मी करत गेलो. चौकटींना नावं, बटणांना नावं, जाहिरात साध्या अक्षरांत, आकड्यांचा फोटो काढून टाकला. हलगी बंद करण्याआधी मात्र एकदा पूर्ण वाजवून घेतली. चार तास. माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून मी शिकाऊ! जाताना विचारलं, राग आलाय का? व्हय, म्हणाली. त्या अर्जाच्या भरवशावर मी तीन दिवस गप बसले, दादा.

२० फेब्रुवारी
अर्ज आला. अकरा मिनिटांत, एकटीनं भरलेला, नंबरासकट. एक चूक नाही. शेवटची चौकट: ‘दिव्यांग उमेदवारास काही अडचण असल्यास येथे लिहावी.’
तिनं लिहिलंय: ‘संदेशदादा.’
अर्ज आला की दहाही संचालकांना आपोआप ईमेल जातो. तेवढं मात्र पहिल्या दिवसापासून बिनचूक चालतंय.