डावा काठ

आंधळगाव,
१२ नोव्हेंबर २००८

ती. सौ. ताईस टेकचंदचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

इकडे आम्ही सगळे ठीक. कारधाला धान कापून झाले का आणि भाऊजींचा गुडघा कसा आहे ते कळव.

बातमी मोठी आहे. चैत्रात तू बावीस दिवस येऊन राहिलीस आणि आपण कोशाच्या रेशमाची जी करवती साडी विणली, ती पुण्याच्या हस्तकला प्रदर्शनात निवडली गेली. आठशे अर्ज आले होते म्हणे, जाणकारांच्या समितीने साठ ठेवले. धडपड सगळी स्वातीची. पोरीने फोटो काढले, फॉर्म भरला. फॉर्मवर कारागिराच्या नावाला एकच ओळ होती, तिने बापाचे नाव घातले. मीही ते तसेच राहू दिले.

पण नुसती साडी मांडून भागत नाही. तिथे प्रत्येकाने मंचावर वीस मिनिटे आपल्या कामाबद्दल बोलायचे, मग समितीचे लोक प्रश्न विचारणार. मी ग्रामसभेतही कधी तोंड उघडलेले नाही. बाबा मागाबद्दल काय काय सांगायचे ते जरा लिहून पाठव. माझी पार घाबरगुंडी उडाली आहे.

तुझी माया आजवर आहे तशीच राहू दे.

तुझा,
टेकचंद


कारधा,
२० नोव्हेंबर २००८

चि. टेकचंद यास ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझे पत्र अमरने ओसरीवर मोठ्याने वाचले, त्यामुळे मामाची कीर्ती आता सगळ्या आळीला माहीत आहे. स्वत:च्या लग्नात नाव घ्यायला सांगितले तर तू मांडवातून पळून वैनगंगेवर जाऊन बसला होतास. पुण्यात कुठे पळशील?

बाबांचे बोलणे माझ्या चांगले ध्यानात आहे. करवती साडीला तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. ते एकट्याचे काम नव्हे. विणणारा मागाखालच्या पावडीवर पाय ठेवून बसतो. दुसरा डाव्या काठाशी बसून आलेला धोटा झेलतो, काठाचे सूत अंगाच्या सुतात अडकवतो आणि परत फेकतो. तेव्हा कुठे करवतीचे दाते उमटतात. हे सगळे सांग, लोकांना आवडेल.

मी आठव्या वर्षापासून डावीकडे बसले. एकदा तू तापाने पडला होतास तेव्हा मी हौसेने पावडीवर जाऊन बसले होते. बाबांनी दंडाला धरून उठवले. पावडीवर मुलगी बसत नाही, एवढेच म्हणाले. त्यांचा राग धरलेला नाही, पण विसरलेही नाही.

फॉर्मवरच्या नावाचे मनाला लावून घेऊ नकोस. एकच सांगणे आहे. कोणी डाव्या काठाबद्दल विचारले, तर तो मी विणला असे म्हणू नकोस. उजवा काठ तुझा, अंग तुझे, माग तुझा. तेवढा काठ माझा राहू दे.

वरठीला गाडी फार थांबत नाही. आधी गाठोडे चढव, मग तू चढ. तुझ्या ताईला विसरू नकोस म्हणजे झाले.

तुझी ताई,
चंद्रभागा


पुणे,
१४ डिसेंबर २००८

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

ताई, मी तुझा गुन्हेगार आहे. आडपडदा न ठेवता लिहितो.

काल माझे बोलणे झाले. तू लिहिलेले बाबांचे शब्द आठवून पंधरा मिनिटे तरी बोललो. मग समितीतल्या एका बाईंनी साडी हाती घेतली, डाव्या काठावर बोट फिरवले आणि विचारले की हे दाते उजव्या काठासारखे नाहीत, असे कसे झाले. मला वाटले, चूक काढली. तुझी चूक चारचौघांत कशी दाखवायची? म्हणून सांगून टाकले की तो काठही मीच विणला, हात अवघडला होता, चूक माझी.

बाई हसल्या. म्हणाल्या, चूक कसली, उजवा काठ नुसता नीटनेटका आहे, डाव्याचा दाता न् दाता जिवंत आहे आणि याच काठासाठी आम्ही ही साडी निवडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथेच सांगायला हवे होते. नाही सांगितले. टाळ्या गोड लागल्या, दुसरे काही कारण नाही. तुला झाकायला गेलो आणि तुझे तेवढेच होते ते घेऊन बसलो.

आज सकाळी एका कुंभाराचे बोलणे होते. प्रश्नांच्या वेळी मी उभा राहिलो. पुण्याची भाषा काही सुचेना, आपल्याच बोलीत बोललो. "तो डावा काठ माह्या ताईनं विणला. तिनं मले सांगतलं होतं, तेवढा माह्या राहू दे. काल मी तोही घेतला."

कुंभार बिचारा गोंधळून गेला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. त्या बाईंनी एवढेच विचारले की ताई का आल्या नाहीत. मी खाली बसलो.

साडीपुढे माझ्या नावाची छापील चिठ्ठी होती. स्वातीने तिच्यावर पेनाने तुझे नाव लिहिले. प्रदर्शन आज संपले, ती चिठ्ठी सोबत पाठवतो आहे.

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागतो.

तुझा,
टेकचंद


कारधा,
२७ डिसेंबर २००८

चि. टेकचंद यास अ. उ. आशीर्वाद.

पत्र आणि चिठ्ठी पोचली. धान मळायचा चुरणा चालू होता, पण उशीर त्यामुळे झाला नाही. मला राग आला होता, फार आला होता. एक तेवढे मागितले होते तुझ्याकडे. चार दिवस पत्र डब्यात घालून ठेवले. मग पुन्हा काढून वाचले. टाळ्या गोड लागल्या हे तू लिहिलेस म्हणून राग उतरला. ते लपवले असतेस तर उतरला नसता.

चिठ्ठीवर स्वातीने माझे नाव तुझ्या नावापेक्षा मोठे काढले आहे. पोरीला माझा आशीर्वाद सांग. त्या बाईंना मात्र कळव की ताई आल्या नाहीत, कारण त्यांना कोणी ये म्हटले नाही.

संक्रांत झाली की मी येते. नवा ताणा लावून ठेव, करवतीचाच लाव. या खेपेला पावडीवर मी बसणार आहे. तू डावीकडे बस आणि धोटा झेल.

सुरुवातीला तुझ्या हातून सुटेल. सुटू दे. मी थांबेन.

तुझी ताई,
चंद्रभागा