नमस्काराला स्थगिती नाही

ती. काका,

साष्टांग नमस्कार. (तुमच्या लॅबविरुद्ध मी कोर्टात गेले असले, तरी नमस्काराला स्थगिती नाही.) गुडघा कसा आहे? व्यायाम चुकवत असणार. पुतणी फिजिओथेरपिस्ट असून ही तऱ्हा!

नोटीस मिळाल्यापासून तुम्ही बाबांना रोज फोन करता म्हणे, की घरच्याच मुलीने कोर्टात खेचलं. खेचलं, कबूल. पण त्याआधी वर्षभर मी माझे तपासणीचे रिपोर्ट मिळवायला तुमच्या वेबसाइटशी डोकं फोडत होते. मला दिसत नाही, म्हणून माझ्या फोनमधली बाई पडद्यावरचं सगळं वाचून दाखवते. इतर ठिकाणी ती घडाघडा बोलते, तुमच्याकडे आली की नुसतं "बटण, बटण, बटण" (बटणांना नावंच दिलेली नाहीत, ती बिचारी काय करणार?). पुढे आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला सायकलींची चित्रं निवडायची. मी नापास. माणूस म्हणून मला नापास करणारी तुमची लॅब पहिलीच, काका.

मी तक्रार केल्यावर तुमच्या मॅनेजरने तातडीने सुधारणा केली. काय केलं? अक्षरं मोठी केली! (ती मोठी झाली हेही मला दुसऱ्यांकडूनच कळलं.) वर सल्ला, की घरातल्या डोळस व्यक्तीची मदत घ्या. मी एकटी राहते, म्हणून शेजारच्या काकूंना फोन दिला. त्यांनी माझी साखर आणि पोटाचं रडगाणं जिन्यात उभं राहून अशा खणखणीत आवाजात वाचलं, की वरच्या मजल्यावरचे आजोबा आता मला रोज "आज झालं का साफ?" असं आपुलकीने विचारतात.

तुम्ही म्हणता, एका मुलीसाठी एवढा खटाटोप कशाला? लॅबच्या जिन्याला कठडा लावलात, तेव्हा कोण पडणार आहे हे आधी विचारलं होतंत का? कायद्याने ही तुमची जबाबदारी आहे, माझ्यावर उपकार नव्हेत. मी केस मागे घेणार नाही. बाबा माझ्याशी बोलायचे थांबले तरी नाही.

तुमची हट्टी पुतणी

ता. क. यापुढे माझे रिपोर्ट तुम्ही स्वतः फोनवर वाचून दाखवाल, असा निरोप बाबांनी दिला. प्रेम पोचलं. पण नको.

पुन्हा ता. क. नवा रिपोर्ट तयार असल्याचा मेसेज कालच आलाय. छातीतल्या गाठीचा आहे. घरात कुणालाच माहीत नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. खूप भीती वाटते, काका. रिपोर्टच्या बटणाला तेवढं आजच नाव द्यायला सांगा. आत जे असेल ते आधी मला एकटीला कळू द्या. तोवर तुम्हीही तो उघडायचा नाही.