आधी गज सोड

बाबा, आज मी एक रायफल वाचवली, आणि ते सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं कोणी सुचेना. घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "नाइस, मम्मा," आणि पुन्हा फोनमध्ये गेली. तिचा दोष नाही. तिने तुम्हांला पाहिलेलं नाही, आणि आपली आई इथे अमिरातीत, अल ऐनच्या नेमबाजी क्लबात बंदुका दुरुस्त करते ह्यात तिला काही नवल वाटत नाही. मला मात्र अजून वाटतं. डुकरांपासून शेत राखायच्या ठासणीच्या बंदुका बिघडल्या की अख्खी पंचक्रोशी तुमच्या पडवीत यायची. आज माझ्या टेबलावर कुठल्या कुठल्या देशांत घडलेल्या रायफली येतात आणि कामाखाली सही माझी असते. हे लिहिताना मान जरा ताठ होते आहे, होऊ दे.

गेल्या आठवड्यात इथले एक वृद्ध गृहस्थ त्यांच्या वडिलांची शिकारीची रायफल घेऊन आले. दर हिवाळ्यात ते परवाना काढून परदेशी शिकारीला जातात, ते हीच घेऊन. पण हल्ली तिची गोळी भरकटायला लागली होती. मागच्या खेपेला एक हरण नुसतं जखमी होऊन पळालं आणि शोधूनही सापडलं नाही. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. मुलांनी हट्ट धरला की नवी घ्या, ही भिंतीवर टांगा. त्यांचा स्वतःचा जीव मात्र हिच्यात अडकलेला, म्हणून विचारायला आले होते की नुसती नळी बदलून चालेल का. "तुम बोलो," ते मला म्हणाले, "तुम जो बोलेगा, मैं वो करेगा." आमचा मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, नई बॅरल आने में महीने लगेंगे, इनका सीझन निकल जाएगा. नई रायफल दिखाओ, खलास." तोही काही खोटं बोलत नव्हता. नळी बदलायची की बंदूकच बदलायची, हे मला ठरवायचं होतं, आणि चुकले असते तर एक तर त्यांचा हिवाळा गेला असता, नाही तर वडिलांची रायफल.

मला खालच्या आळीतले ते काका आठवले. बंदूक पडवीत आपटून ते म्हणाले होते, "मोडीत घाल ही." तुम्ही विडी विझवलीत आणि म्हणालात, "घालू की. पण आधी तिचं दुखणं काय ते तरी बघूया." मग नेहमीसारखे तुम्ही स्वयंपाकघरात शिरता. आई चुलीवरचं भाताचं आधण वाचवायला धडपडते आणि तुम्ही तेच उकळतं पाणी घेऊन जाता, कारण दारूची काजळी उकळत्या पाण्याशिवाय सुटत नाही. "माणसांनी काय काजळी खायची?" आई विचारते. तुम्ही पाणी नळीच्या तोंडातून ओतता, आणि तोंडातूनच गजाला चिंधी बांधून घासता. ठासणीच्या बंदुकीला मागून वाटच नसते, जे काही करायचं ते तोंडातून. मी जवळ उभी राहून हे सगळं बघते आणि मला वाटतं, जगातल्या सगळ्या बंदुका अशाच साफ करतात.

आणि तुमचं ते रागावणं. तुम्ही आत गेला होतात आणि मी नळीच्या तोंडाला डोळा लावला होता. तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडलातही नाही. बंदूक हातातून काढून घेतलीत आणि लोखंडी गज नळीत सोडलात. ठण्ण असा आवाज आला. "हा आवाज रिकाम्या नळीचा. भरलेली असली की गज मुका होतो. आधी गज सोड, मग डोळा लाव," एवढंच बोललात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

तर मी त्या वृद्धांची रायफल हातात घेतली. आधी गोळी भरायचा मागचा खटका उघडून रिकामी आहे ना ते पाहिलं, तेच इथलं शास्त्र. मग पुन्हा बंद केली, नळी वर धरली आणि पितळेची बारीक सळई अलगद आत सोडली. ठण्ण वाजलं. म्हातारबाबांनी मान वर केली. "मेरा बाबा भी ऐसा करता था," ते म्हणाले, "उसका पुराना बंदूक था, मुँह से भरने वाला." त्यांच्या वडिलांकडे आधी ठासणीची होती, बाबा. रायफल नंतर आली. माझ्या मनात एकदम उजेड पडला. मी विचारलं, "और ये रायफल साफ कैसे करते हैं?" त्यांनी अभिमानाने सांगितलं: प्रत्येक शिकारीनंतर, वडिलांनी शिकवल्याप्रमाणे, लोखंडी गजाने, तोंडातून.

इथे नोकरीला लागले तेव्हा मीही तेच करत होते, म्हणून मला काम शिकवणाऱ्या इथल्या उस्तादांची बोलणी खाल्ली होती. रायफल नेहमी मागून साफ करायची. तोंडाचा काठ गजाने झिजला की गोळी बाहेर पडता पडताच वाकडी होते. मी भिंग लावलं. काठ एका बाजूने झिजून गुळगुळीत झाला होता, त्यात गजाला चिकटून येणाऱ्या वाळवंटातल्या वाळूने भर घातली होती. बाकीची नळी वयाच्या मानाने ठणठणीत होती. मी त्यांना म्हटलं, अजून नवी नळी नको आणि नवी रायफलही नको. मॅनेजरने कपाळाला हात लावला, पण काम अडवलं नाही. लेथवर तोंडाचा झिजलेला भाग कापून मी काठ नव्याने घेतला.

आज मैदानावर त्यांनी स्वतः चाचणी घेतली. आधी गोळ्या परातीएवढ्या जागेत विखुरत होत्या, आज वाटीत मावतील इतक्या जवळ बसल्या. त्यांनी लक्ष्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. मी खरं ते सांगितलं, की काही वर्षांनी नळी बदलावीच लागेल. "तब भी तुम ही बदलना," ते म्हणाले, "इन्शाल्ला." मग त्यांनी विचारलं, कोणाकडे शिकलीस? मी म्हटलं, "मेरे बाबा से." त्यांनी छातीवर हात ठेवला. तुम्हांला सलाम होता तो, बाबा, म्हणून पोचवते आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि एक गोष्ट इथे अजून कोणालाच माहीत नाही. खटका उघडून पाहिल्यावर सळई सोडायची काही गरज नसते. मी ती फक्त तुमच्यासाठी सोडते. वर्कशॉपमधल्या नव्या पोरींना तो इथला नियम वाटतो, त्याही आता न चुकता सळई सोडतात आणि कान देऊन ऐकतात. मी त्यांना काही सांगितलेलं नाही.