हिरव्या झाकणाच्या बाटलीत काय आहे

प्रति,
मा. औषध नियंत्रण अधिकारी,
उपनगर विभाग कार्यालय, मुंबई.

अर्जदार : श्रीमती सुगंधा जयवंत तोरस्कर, वय ७७, राहणार घाटकोपर (पूर्व).

विषय : केसगळती आणि पाळी जाण्याच्या वयातला त्रास यांवर ‘नवकुंतल हेअर अँड हार्मोन सेंटर’ देत असलेल्या बिननावाच्या गोळ्यांत काय आहे, ते येत्या गुरुवारच्या आत कळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर अर्जदारास मिळालेले तोंडी उत्तर, “तुम्ही स्वतः पेशंट नाही ना, आजी. मग तक्रार कशी घेणार?”

महोदय,

१. वरील उत्तर ज्या गृहस्थांनी दिले त्यांनी ते चहाचा कप खाली न ठेवता दिले. अर्जदाराने उमेदीची वर्षे फोर्टातल्या एका वकिलांच्या कचेरीत मराठी टंकलेखन करण्यात घालवली आहेत. लोकांचे अर्ज तिने टाइप केले आणि ते कशाकशासाठी परत येतात तेही पाहिले. म्हणून खिडकीवर आवाज न चढवता ती घरी गेली, आणि दाखवलेली उणीव भरून काढून हा अर्ज करीत आहे. ती कशी भरून काढली ते परिच्छेद ६ मध्ये आहे. कृपया थेट तिथे जाऊ नये. आधीचे वाचावे.

२. अर्जदाराची मुलगी रेवती, वय बावन्न, एका पतपेढीत काउंटरवर बसते. दोन वर्षांपूर्वी तिची पाळी गेली आणि पाठोपाठ केसही जाऊ लागले. न्हाणीच्या जाळीवर केस, उशीवर केस, कणकेत केस. भांग रुंद होत गेला. काउंटरवरची ट्यूबलाइट नेमकी तिच्या डोक्यावर आहे. खातेदार बोलताना तोंडाकडे न बघता टाळूकडे बघतात, असे ती म्हणे. शिवाय अंगातून वाफा येत आणि भर गर्दीत पंखा लावा म्हणून तिला शिपायाला सांगावे लागे. अशात तिचा मुलगा सौरभ याचे लग्न वैशाखात ठरले. वरमाय म्हणून खोपा घालायचा आणि त्यात अबोलीचा वळेसर माळायचा, एवढी एकच हौस तिने बोलून दाखवली.

३. अर्जदाराचे लहानपण परळच्या चाळीत गेले. रविवारी मोठ्या टोपात शिकेकाई उकळायची, सगळ्या बायका न्हाऊन गॅलरीत केस वाळवत बसायच्या, आणि विंचरताना निघालेले गुंतवळ कोणी टाकत नसे. भिंतीच्या फटीत, जुन्या डब्यात ते साठवायचे आणि त्याचे गंगावन वळून घ्यायचे. अर्जदाराच्या आईने स्वतःच्या केसांचे वळून घेतलेले गंगावन अर्जदाराने आपल्या लग्नात लावले. ते अजून ट्रंकेत आहे, आणि अजून काळेभोर आहे. खोपा त्यावर सहज बसेल म्हणून अर्जदाराने ते रेवतीपुढे ठेवले. “आई, मेलेल्या बाईचे केस मी सौरभच्या लग्नात लावू? काहीतरीच तुझं!” असे ती म्हणाली. अर्जदाराने ते पुन्हा मलमलीत गुंडाळून ठेवले.

त्या काळी सगळे उत्तम होते, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. पाळी जाताना बाईला काय होते, हे तेव्हा कोणी विचारत नव्हते. बायका सुपाने वारा घेत आणि उष्णता वाढली म्हणत. अर्जदाराची धाकटी बहीण जयंती हिने छातीतली गाठ लाजेपायी पदराखाली झाकून ठेवली. अर्जदाराला कळल्यावर ती म्हणाली, “दिवाळी होऊ दे गं ताई, मग दाखवू.” दिवाळी झाली. पुढची दिवाळी जयंतीने पाहिली नाही. तेव्हा अर्जदाराचा राग उपचारांवर आहे, अशी नोंद कोणी करू नये. नाव सांगून, तपासून दिलेल्या औषधाला तिने कधी नाही म्हटलेले नाही.

४. रेवती प्रथम या सेंटरवर गेली तेव्हा अर्जदार सोबत होती. तिथल्या समुपदेशक कुमारी गंधाली यांना अर्जदाराने जयंतीच्या कॅन्सरबद्दल आपणहून सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “आजी, टेन्शन नका घेऊ, हे टोटली नॅचरल आहे. तुम्ही बाहेर बसा ना, एसी मस्त आहे.” अर्जदार एसीत बसली. आतून पांढऱ्या कोटातले श्री. देवदत्त एक बाटली घेऊन आले. त्यांच्या दारावर नाव आहे. नावापुढे पदवी नाही. बाटलीला हिरवे झाकण होते आणि कागदाचा कपटासुद्धा चिकटवलेला नव्हता. आत अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या पांढऱ्या कॅप्सूल. “हे रेवती मॅडमच्या बॉडीसाठी खास बनवलेलं आहे,” असे त्यांनी सांगितले. वाण्याकडच्या चिवड्याच्या पुड्यावरही आत काय आहे ते छापलेले असते, महोदय.

केस आले. अर्जदार खोटे लिहिणार नाही. वाफा थांबल्या, भांग भरू लागला, रेवती आरशासमोर गुणगुणू लागली. आणि गेल्या महिन्यात तिला पुन्हा रक्त जाऊ लागले. तिने ते लपवले. अर्जदाराला धुण्यात दिसले. विचारले तर हसून म्हणाली, “बघ, परत तरुण झाले!” महापालिकेच्या रुग्णालयातल्या डॉ. उत्तरा मात्र हसल्या नाहीत. सोनोग्राफीत गर्भाशयाचे आतले अस्तर जाड झालेले दिसले. त्याचा तुकडा येत्या गुरुवारी काढून तपासायला पाठवायचा आहे. त्या रेवतीला म्हणाल्या, “मावशीला कॅन्सर होता, आणि आपण काय गिळतोय ते तुम्हाला माहीत नाही? आधी त्या गोळ्या बंद करा, आणि नाव आणा मला. हार्मोन असेल तर कुठलं आणि किती, ते कळल्याशिवाय मी पुढे काय ठरवू?”

रेवतीने तिथे मान डोलावली. घरी आल्यावर म्हणाली, “बंद केल्या आणि केस परत गेले तर? लग्न होऊ दे आई, मग बघू.” हे वाक्य अर्जदाराने यापूर्वी एकदा ऐकलेले आहे. रेवती ती गोळी अजूनही घेते, अर्जदाराची पाठ वळली की घेते, आणि सेंटरवर जाऊन नाव विचारायला तयार नाही. विचारले तर पुढची बाटली मिळणार नाही, ही तिची भीती.

५. म्हणून अर्जदार एकटी गेली. श्री. देवदत्त म्हणाले, “फॉर्म्युला आमचा आहे, तो बाहेर देत नाही. आणि पेशंटची माहिती तर आईलाही सांगता येत नाही, प्रायव्हसी असते.” ज्या बाईने रेवतीला नऊ महिने पोटात वागवले तिच्यापासून काय लपवायचे ते त्यांनी ठरवले आहे. मग अर्जदार आपल्या कार्यालयात आली. तिथे काय झाले ते संदर्भात नमूद आहे.

६. सबब, अर्जदार दुसऱ्या दिवशी त्याच सेंटरवर स्वतः रुग्ण म्हणून दाखल झाली.

कुमारी गंधाली यांनी तिला ओळखले नाही. अर्जदार डोक्यावरून पदर घेऊन गेली होती हे खरे, पण त्यांनी तोंडाकडे पाहिलेच नव्हते. एक छोटा कॅमेरा डोक्यावर फिरवून टाळू टीव्हीवर दाखवली गेली. ती पाहण्यासारखी नव्हती. “पाळी कधी गेली, आजी?” असे विचारले. बाँबेचे मुंबई झाले त्या वर्षी, असे अर्जदाराने खरे उत्तर दिले. त्यावर त्या म्हणाल्या, “ओके, म्हणजे पोस्ट-मेनोपॉज. हार्मोन लेव्हल एकदम डाऊन आहे तुमची.” रक्त घेतले नव्हते. रक्तदाब पाहिला नव्हता. घरात कोणाला काय झाले होते, ते विचारले नाही. हृदयाची गोळी चालू आहे, असे अर्जदाराने मुद्दाम दोनदा सांगितले. “काही प्रॉब्लेम नाही, सगळं नॅचरल आहे,” असे उत्तर मिळाले. मग पांढरा कोट आला आणि सोबत बाटली. तोंडाकडे श्री. देवदत्त यांनीही पाहिले नाही. “हे सुगंधा मॅडमच्या बॉडीसाठी खास बनवलेलं आहे.”

तेच हिरवे झाकण. त्याच अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या पांढऱ्या कॅप्सूल. घरी रेवतीच्या कपाटातली एक शेजारी ठेवून पाहिली. वास घेतला, फोडून चव घेतली. अर्जदाराला फरक करता आला नाही. आपली प्रयोगशाळा करू शकेल.

७. आता अर्जदार स्वतः पेशंट आहे. आपली अट पूर्ण झाली. तरी मागणी एवढीच की सोबतच्या कॅप्सूल तपासून आत काय आहे ते गुरुवारच्या आत डॉ. उत्तरा यांना लेखी कळवावे, आणि तोवर त्या सेंटरने एकही बाटली कोणाच्या हाती देऊ नये. सेंटरचे पुढे काय करायचे ते कायदा पाहील. अर्जदाराला मुलगी हवी आहे. केसांसकट मिळाली तर उत्तम. नाहीतर ट्रंकेत गंगावन आहे.

८. इतर अर्जदार अशा ठिकाणी उपोषणाचा इशारा देतात. अर्जदाराला पथ्यामुळे उपाशी राहता येत नाही. म्हणून ती सोमवारी कार्यालय उघडताच डबा घेऊन आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसेल आणि जेवणानंतर, सेंटरने सांगितल्याप्रमाणे, एक कॅप्सूल आपल्या कर्मचाऱ्यांदेखत घेईल. मंगळवारी दुसरी. बुधवारी तिसरी. हृदयाची गोळी चालू असलेल्या सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईचे त्याने काय होते, ते अर्जदाराला माहीत नाही, सेंटरला माहीत नाही, आणि अहवाल येईपर्यंत आपल्यालाही माहीत नसेल. अर्जदाराच्या मुलीला ते रोज कोणीही न बघता होत आहे. अर्जदाराला ते कोणीतरी बघत असताना व्हावे, एवढीच इच्छा आहे. चहाचा कप खाली ठेवायला तेवढे कारण पुरेल, अशी आशा आहे.

९. या अर्जाचे उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये. पत्र रेवती उघडते.

सोमवारी समक्ष भेटणारी,
आपल्या खिडकीवरची आजी,

(सही)
सुगंधा जयवंत तोरस्कर

घाटकोपर (पूर्व)
दि. १२ फेब्रुवारी

सोबत :
१. रेवतीच्या सोनोग्राफीच्या अहवालाची प्रत.
२. डॉ. उत्तरा यांच्या चिठ्ठीची प्रत. ‘औषधाचे नाव आणावे’ या ओळीखाली रेघ त्यांनीच मारली आहे.
३. नवकुंतल सेंटरचे अर्जदाराच्या नावाचे पेशंट कार्ड.
४. रेवतीच्या बाटलीतली एक कॅप्सूल आणि अर्जदाराच्या बाटलीतली एक, वेगवेगळ्या पुड्यांत. अर्जदाराची बाकीची बाटली तिच्या पिशवीत आहे. सोमवारी येताना ती घेऊन येईल.